पुरलेला उंबरा: सोलापुरातले चार दिवस

सुट्टीत कुठे जाणार असं लॅबमध्ये विचारलं तेव्हा मी "सोलापूर" म्हणाले. त्यावर पुढचा प्रश्न आला, "कुणाचं लग्न आहे?"

लग्न कुणाचं नव्हतं. सोलापुरात काही माणसं मिळून विडी कामगार आणि यंत्रमाग कामगार कुटुंबांसाठी परवडणारी घरं बांधतात. घर ज्यांना मिळायचं ती कुटुंबं स्वतः राबतात, गवंडी पगारी असतो आणि बाहेरची माणसं येऊन चार-आठ दिवस हातभार लावतात. त्यांच्याबद्दल मी एका ओळखीच्या बाईंकडून ऐकलं होतं. जायचं मनात पक्कं झाल्यावरही मी दोन आठवडे घुटमळत होते. मला बांधकामातलं काही येत नाही. मी फुकट घमेली उचलली तर कुणाची मजुरी बुडणार नाही ना? शेवटी तिथे काम पाहणाऱ्या वैद्य सरांना मी फोनवर हेच विचारलं. ते म्हणाले, "बुडत नाही. मजूर लावायला पैसेच नाहीत. तुम्ही आला नाहीत तर ते घमेलं घरमालकीण उचलेल, एवढाच फरक."

बांधकाम मला अगदीच परकं नाही, हे खरं तर सांगायला हवं. माझे वडील पुण्यात बांधकामांवर वॉचमन होते. माझं लहानपण न झालेल्या इमारतींच्या तळमजल्यावर, पत्र्याच्या खोलीत गेलं. इमारत पुरी झाली, माणसं राहायला आली की आम्ही पुढच्या साइटवर. आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली. आई हा ब्लॉग वाचू शकत नाही, मी तिला वाचून दाखवते. त्यामुळे इथे खोटं लिहायची सोय नाही.

तुम्ही जाणार असाल तर सोबत काय न्यावं, ते आधीच सांगते. पूर्ण बाह्यांचे दोन जुने शर्ट, टोपी, बंद बूट, कापडी हातमोजे आणि स्वतःची पाण्याची बाटली. मी याशिवाय तीन प्रकारची मलमं, गोळ्यांचा डबा आणि छत्री नेली होती. फेब्रुवारी होता. छत्री पाहून लॉजवाल्याने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

पुण्याहून सकाळच्या गाडीने दुपारच्या आधी पोचता येतं. दौंड सोडलं की डोंगर मागे राहतात आणि मग खिडकीत फक्त ज्वारी. काही शेतांत कणसं खुडून झालेली, नुसती ताटं उभी. कुर्डुवाडीला चहा घेतला. समोरच्या आजींनी हुरडा बांधून आणला होता, त्यातला मूठभर त्यांनी न विचारता माझ्या हातात दिला. मी आधी नको म्हणाले, मग घेतला, मग किती खाल्ला तर बरं दिसेल याचा विचार करत राहिले.

मुक्काम शुक्रवार पेठेतल्या एका साध्या लॉजमध्ये होता. खोली लहान, पंख्याला आवाज, पण चादर स्वच्छ आणि दाराला आतून नीट कडी. एकटीने जाणाऱ्या मुलींनी कडी आधी पाहावी, भाडं नंतर विचारावं. भाडं पुण्याच्या मानाने निम्म्याहून कमी पडतं. पेठेतून अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला शेअर रिक्षा मिळतात. शहर संपत आलं, कारखान्यांच्या भिंती मागे पडल्या की शेवटच्या थांब्यावर उतरायचं आणि थोडं चालायचं.

साइटवर पोचले तेव्हा घरं नव्हतीच. जमिनीपासून दीड-दोन फूट वर आलेलं लांबच लांब जोतं होतं, आणि त्यावर बारा घरांच्या खोल्या आखलेल्या. सगळ्या घरांपुढून एकच सलग ओटा जात होता. विड्या वळायला उजेड लागतो, म्हणून बायका दारात बसतात आणि त्यासाठी ओटा बायकांनीच मागून घेतला होता. ओट्याच्या एका टोकाला उतार केला होता, पाण्याची पिंपं ढकलत नेता यावीत म्हणून. त्या उतारावर एक माणूस व्हीलचेअरमध्ये बसून हातातल्या पाइपने जोत्यावर पाणी मारत होता.

"पुणेकर का?" त्याने विचारलं. "बाजूला सरका. सिमेंट पिऊ दे आधी, मग तुमाला चा देऊ."

हे नरसय्या अण्णा. (नावं सगळ्यांची बदलली आहेत, विचारून.) पूर्वी मागावर होते. एकदा पडले, त्यात कमरेखालची ताकद गेली. प्रत्येक कुटुंबाला बांधकामावर ठरावीक काम करावं लागतं, त्यात अण्णांकडे पाणी मारणं होतं. ते पाणी तालात मारायचे, डावीकडून उजवीकडे, आणि कुणी मध्ये आलं तर त्यालाही.

दुपारी जेवताना वैद्य सरांनी मला तिथला मुख्य नियम सांगितला. वैद्य सर निवृत्त इंजिनिअर. बोलताना समोरच्याचं पूर्ण ऐकून घेतात आणि बहुतेक वेळा हो म्हणतात. नियम असा की बारापैकी कुठलं घर कुणाचं, हे कुणालाच माहीत नसतं. घरं पुरी झाल्यावर चिठ्ठ्या टाकायच्या. तोवर सगळ्यांनी सगळ्या घरांवर काम करायचं.

"हा नियम आमचा नाही," सर म्हणाले. "पद्माक्कांचा आहे."

पद्माक्का म्हणजे नरसय्या अण्णांची बायको. वयाने पन्नाशीच्या अलीकडे, विड्या वळतात. जेवताना त्यांनी माझ्या ताटात कडक भाकरी मोडून टाकली, वर शेंगाचटणी, वर तेल. सरांचं बोलणं ऐकून त्या म्हणाल्या, "माज्या दिराच्या चाळीत ज्याचं त्याला आदी सांगितलं. मग काय झालं? सोत्ताच्या भिंतीला सिमेंट, दुसऱ्याच्या भिंतीला माती. आता कसं, कुटलं माजं म्हाईत न्हाय, म्हणून सगळंच माजं. मन लावून करत्यात."

"आणि कामचुकारपणा?" मी विचारलं.

"करंल की. पण मग त्येच घर त्याला मिळालं तर?"

मला हे फार आवडलं. मी लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांवरची नावं तपासते. तिथे तर प्रत्येक नळी कुणाची हे आधी पाहायचं असतं. इथे नाव नसल्यामुळे काम नीट होत होतं.

त्याच दुपारी दारांच्या चौकटींचा ट्रक आला. सिमेंटच्या चौकटी, हल्ली सगळीकडे असतात तशा. आम्ही त्या एकेक करून उतरवल्या. खांद्याला फडकं बांधा, नाहीतर माझ्यासारखं सोलून निघेल. चौकटी ओट्यावर मांडून झाल्यावर गुरव्वा आल्या. गुरव्वा दुधनीकडच्या, साठीच्या पुढच्या, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. घरात कन्नड, बाहेर मराठी. मुलगा आणि सून मागावर, म्हणून कुटुंबाच्या वाट्याचं काम त्या स्वतः करत. त्यांनी पहिल्या चौकटीभोवती एक फेरी मारली.

"चौथी बाजू कुटं हाय?"

वैद्य सर म्हणाले, "आता अशाच येतात, मावशी. खाली उंबरा नसतो. झाडलोट करायला सोपं."

"व्हय. कचऱ्यासंगं लक्ष्मी बी भायेर."

बाकीच्या बायका हसल्या, पण गुरव्वांच्या बाजूने हसल्या. उंबरा नसलेलं घर म्हणजे गोदाम, असं एकीने म्हटलं. दुसरी म्हणाली, विंचू कुठून अडणार? पद्माक्का म्हणाल्या की शुक्रवारी हळद कुठे लावायची, हवेत? गुरव्वा त्याला कन्नडमध्ये होसतील म्हणत होत्या, पद्माक्का तेलुगूत गडप म्हणत होत्या, रशीदभाई गवंडी उर्दूत दहलीज म्हणत होते. उंबरा धरून शब्द चार, पण मत एकच निघालं. सरांनी हात वर करायला सांगितले. सगळ्यात आधी पद्माक्कांचा हात वर गेला.

सरांनी तिथल्या तिथे फोन लावला आणि काळ्या दगडाच्या बारा पट्ट्या सांगितल्या, चार बोटं उंच.

हात वर होत होते तेव्हा अण्णा ओट्याच्या दुसऱ्या टोकाला पाणी मारत होते. मी एकदा त्यांच्या खुर्चीच्या चाकांकडे पाहिलं आणि एकदा पद्माक्कांच्या हाताकडे. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. घरची बाईच हात वर करते आहे म्हणजे त्यांनी काहीतरी ठरवलेलं असणार. पहिल्या दिवशी आलेल्या पाहुणीने काय बोलावं?

रात्री लॉजवर याचाच विचार करत होते. झोप चांगली लागली, हेही खरं. घमेली उचलली की विचाराला फार वेळ मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेठेतल्या गाडीवर उप्पीट खाल्लं (गरम असतं तोवरच घ्या, थंड झालं की विटेसारखं होतं) आणि साइटवर गेले. दगड आले होते. रशीदभाईंनी पहिल्या घराची चौकट बांबूचे टेकू देऊन उभी केली होती आणि खाली नमुन्यादाखल एक पट्टी नुसती ठेवली होती, सगळ्यांना उंची दिसावी म्हणून. भिंती अजून नव्हत्याच. मोकळ्या जोत्यावर एकटी चौकट आणि पलीकडे माळ दिसत होता.

अण्णा पाइप मांडीवर घेऊन ओट्यावरून आले. चौकटीसमोर थांबले. खुर्ची पुढे ढकलली, पुढची लहान चाकं दगडाला टेकली. परत मागे घेतली. मग हसून म्हणाले, "माजं घर हितंपर्यंत."

मला वाटलं आता सगळ्यांच्या लक्षात येईल. कुणाच्या आलं नाही. पद्माक्का हातातलं घमेलं खाली ठेवून आल्या, शेजारच्या बाईला हाक मारली, बाजू मोकळी असूनही सवयीने दोघींनी दोन बाजूंनी खुर्ची उचलून पलीकडे ठेवली आणि पुन्हा कामाला लागल्या. या सगळ्याला पाच श्वासही लागले नसतील. ज्या भाड्याच्या खोलीत ते राहतात, तिथे दिवसातून कितीदा तरी हेच होत असणार. त्यांना तो अडथळा उरलेलाच नव्हता. अण्णा मात्र पलीकडे बसून राहिले, खुर्ची उचलताना मांडीवरचा पाइप घसरून अलीकडे राहिला होता. तो मागण्यासाठी त्यांनी हाक मारली नाही, कुणी येण्याची वाट पाहिली.

मी वैद्य सरांना बाजूला घेऊन सांगितलं.

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी कपाळाला हात लावला आणि दहा मिनिटांत त्यांच्याकडे उपायही तयार होता. उताराला लागून असलेलं पहिलं घर अण्णांना द्यायचं, त्या एका घराला उंबरा नको. बाकी अकरांच्या चिठ्ठ्या टाकायच्या. त्यांनी पद्माक्कांना बोलावून हे सांगितलं. मी जवळच वाळू चाळत होते.

पद्माक्का म्हणाल्या, "नको."

"अहो, अण्णांना स्वतःच्या घरात स्वतः—"

"मी उचलते की. रोज उचलते."

"आणखी दहा वर्षांनी?"

पद्माक्कांनी हाताची माती झटकली. मग म्हणाल्या, "सर, चिठ्ठीचं मी भांडून करून घेतलं. आता मलाच आदी घर दिलं तर ह्या समद्या काय म्हणतील? उद्या एक म्हणंल माजी सासू म्हातारी, मला कोपऱ्याचं द्या. आणि एकटं माजं दार भुंडं. येणारा-जाणारा बघणार, हां, हितं तो पांगळा ऱ्हातो." त्या माझ्याकडे वळल्या. "तुमाला कुणी सांगितलं मदे बोलायला?"

"कुणी नाही," मी म्हणाले.

"तेच."

त्या निघून गेल्या. त्या दिवशी माझ्या ताटात भाकरी कुणी मोडून टाकली नाही. मी स्वतः घेतली.

संध्याकाळी सिद्धेश्वराच्या तळ्यावर गेले. सोलापूरला येऊन तळं पाहिलं नाही असं नको, म्हणून. पाण्यात मंदिराचे दिवे छान दिसतात, काठावर बसायला जागा आहे, भेळ बरी मिळते. पण मी पाहत काहीच नव्हते. मी बोलले नसते तर त्या बाईचं काही गेलं नसतं. आता एक तर त्यांनी नियम मोडायचा, नाही तर नवऱ्याला जन्मभर उचलायचं, आणि हे सगळ्यांसमोर. मी चार दिवसांनी निघून जाणार होते. परत जाताना चादरींच्या दुकानात शिरले आणि आईसाठी एक घेतली. दुकानदार रंग दाखवत होता आणि मी प्रत्येकाला चांगला म्हणत होते. शेवटी त्यानेच निवडून दिला.

तिसऱ्या दिवशी काम सुरू होण्याआधी सरांनी सगळ्यांना ओट्यावर बसवलं आणि काय झालं ते सांगितलं. माझं नाव घेतलं नाही, पण सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पद्माक्का उभ्या राहिल्या. "आमाला येगळं घर नको. चिठ्ठीत येईल ते घेऊ." आणि खाली बसल्या.

मग कुणीतरी म्हणालं, चिठ्ठीत त्यांना कुठलंही घर येऊ शकतं, म्हणजे मग बाराच्या बारा घरांचा उंबरा काढावा लागेल.

त्यावर जो गलका झाला तो मला नीट लिहिता येणार नाही, कारण तो तीन भाषांत होता. विंचू आला, पावसाचं पाणी आलं, लक्ष्मी आली आणि गेली. एकीने म्हटलं, एका माणसासाठी अकरा घरांनी का? दुसरी म्हणाली, तो एक माणूस रोज तुझ्या जोत्याला पाणी घालतो तेव्हा नाही विचारलंस. अण्णा आपल्या खुर्चीत बसून नखातलं सिमेंट काढत होते. शेवटी त्यांनी मान वर केली.

"माज्यापायी कुणाची लक्ष्मी रस्त्यावर नको. तिला तर पाय हायत, ती कुटंबी जाईल."

कुणी हसलं नाही. पद्माक्का तेलुगूत त्यांना काहीतरी पुटपुटल्या, बहुतेक गप्प बसा असं.

गुरव्वा आतापर्यंत बोलल्या नव्हत्या. त्या उठल्या, पहिल्या चौकटीपाशी गेल्या आणि त्या नुसत्या ठेवलेल्या दगडावर पाय ठेवून उभ्या राहिल्या, जणू कुणी तो पळवून नेणार होतं.

"उंबरा काडणार म्हणाला तर मी घर घेत न्हाय. सांगून ठेवते." मग रशीदभाईंकडे पाहून, "ह्यो पुरला तर?"

"कितना पुरू, अव्वा?"

"समदा."

"समदा पुरला तर दिखेगा क्या?"

"हळद लावली की दिसंल."

रशीदभाईंनी दगडाकडे पाहिलं, मग चौकटीकडे, मग डोकं खाजवलं. "आपको उंबरा पाहिजे की उंची पाहिजे?"

"मला चौथी बाजू पाहिजे," गुरव्वा म्हणाल्या. "ती खाली असू दे न्हाय तर वर. म्या तिला वलांडून जाणार."

पाण्याचं काय, असं एकीने पुन्हा विचारलं. रशीदभाई म्हणाले, ओट्याला बाहेरच्या बाजूला ढाळ देऊ, दारापुढे बारीक खाच काढू, पाणी तिथून बाजूला जाईल. विंचवाचं काही करता येणार नाही, तो उंबऱ्यावरूनही येतो. विंचवाचा मुद्दा काढणारी बाई तरीही नाराजच होती. ती म्हणाली, "घर मिळू दे. मग माजं मी वरनं लाकूड बसवीन."

"बसव," गुरव्वा म्हणाल्या. "मग संक्रांतीला हळदी-कुंकवाला पद्मीला बोलाव, आन तिच्या नवऱ्याला सांग, तू रस्त्यावर बस."

"मला कुंकवाला कोण बोलावतंय, अव्वा," अण्णा म्हणाले. "वाणाला तरी येऊ दे."

आता मात्र सगळे हसले. सरांनी परत हात वर करायला सांगितले. पद्माक्कांचा हात या वेळी सगळ्यात शेवटी वर आला. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या.

त्या दिवशीचं काम मी केलेल्या कामांत सगळ्यात अवघड होतं. दगड नुसता ठेवायचा असता तर काम सकाळीच झालं असतं. पुरायचा म्हणजे जोतं फोडून खोबण करायची, आणि तेच जोतं अण्णांनी इतके दिवस पाणी पाजून घट्ट केलेलं. छिन्नी उसळत होती. "कुणी मारलं रे एवढं पाणी?" असं रशीदभाई दर घराला ओरडत आणि अण्णा दर घराला उत्तर देत, "कंत्राटदार पळून गेला." मी तुकडे घमेल्यात भरून नेत होते. दुपारी ऊन चढलं तेव्हा टोपीचा उपयोग कळला, छत्रीचा शेवटपर्यंत कळला नाही.

चौथा दिवस माझा शेवटचा. सकाळी लवकर पोचले तर ओटा धुतलेला होता आणि बारा चौकटी एका रांगेत उभ्या. भिंती नाहीत, छप्पर नाही, नुसती दारं. प्रत्येक खोबणीत बायकांनी सुपारी, नाणं, पाच धान्यं आणि हळदकुंकू घातलं. रशीदभाई टोपी नीट करून बाजूला उभे राहिले आणि मग एकेक दगड बसवत गेले. दगड जमिनीच्या पातळीला आला की पद्माक्का आणि त्यांच्याकडच्या बायका त्याला पिवळीजर्द हळद चोपडत, वर कुंकवाचे ठिपके देत. गुरव्वा भस्म ओढत. गुरव्वा बरोबर होत्या. करड्या जोत्यात बारा पिवळ्या पट्ट्या लांबूनही दिसत होत्या.

मग अण्णांना बोलावलं. हे कुणी ठरवलं मला माहीत नाही. बहुतेक रशीदभाईंना पातळी तपासायची होती. अण्णा पहिल्या दारापुढे खुर्ची घेऊन आले.

"भिंती न्हाईत अण्णा, बाजूनं जावा की," कुणीतरी ओरडलं.

"दारानं येतो तो पावणा, बाजूनं येतो तो चोर," अण्णा म्हणाले आणि आत गेले. काही आवाज झाला नाही. आत फिरून बाहेर आले, चाकांना हळद लागली होती. दुसरं दार. तिसरं. हळदीच्या दोन रेघा ओट्यावरून त्यांच्या मागे मागे जात होत्या. मधल्या एका दारात चाक टक् वाजलं.

"रशीदभाई, हितं लक्ष्मी अडली."

रशीदभाईंनी तो दगड काढून पुन्हा बसवला. अण्णांनी पुन्हा जाऊन पाहिलं. आणखी एका दारात वाजलं, तेव्हा रशीदभाई म्हणाले की तो आवाज खुर्चीचा आहे, तेल घाला. भांडण झालं. शेवटी गुरव्वांनी दगडावर तळहात फिरवून दगडाच्या विरुद्ध निकाल दिला, आणि तोही पुन्हा बसवला. विंचूवाल्या बाई शेवटच्या दारापाशी उभ्या होत्या. अण्णा तिथे पोचले तेव्हा त्या म्हणाल्या, "या, बसा." घर त्यांचं नव्हतं. कुणाचंच नव्हतं. पण त्या म्हणाल्या.

दुपारी हुग्गी, म्हणजे गव्हाची गोड खीर, आणि चित्रान्न, म्हणजे लिंबू पिळलेला फोडणीचा भात होता. पद्माक्कांनी माझ्या ताटात हुग्गी वाढली आणि वर तूप सोडलं, पण बोलल्या नाहीत. निघताना मी त्यांच्याकडे गेले. त्या विड्यांची पानं कापत होत्या. "येते, अक्का." त्यांनी कात्री न थांबवता मान हलवली आणि म्हणाल्या, "गाडीत खिडकीला बसू नका, धूळ येते." मी खिडकीलाच बसले, कारण तिकीट तेच होतं. धूळ आली.

खर्चाचं विचाराल तर प्रवास, लॉज आणि रिक्षा मिळून एखाद्या शनिवार-रविवारच्या महाबळेश्वरापेक्षा बराच कमी. जेवण साइटवर असतं, त्याचे पैसे घेत नाहीत, मग तुम्ही धान्य किंवा तेल घेऊन जा. फोटो काढण्याआधी विचारा. मी फक्त दगडांचे काढले.

पावसाळा गेला. दसऱ्याच्या आसपास एका संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"पुणेकर का?"

पद्माक्का होत्या. मागून अण्णांचा आवाज येत होता, "विचार, छत्री वापरली का?" चिठ्ठ्या पडल्या, सगळे राहायला आले, असं त्या म्हणाल्या. नळाला पाणी एक दिवसाआड येतं. ओट्यावर बसून विड्या वळायला उजेड भरपूर आहे, पण गुरव्वा शेजारी बसून सगळ्यांच्या विड्यांना नावं ठेवतात. मोठा पाऊस झाला तेव्हा खाचेतून पाणी बाजूला गेलं, एका घरात थोडं आत आलं, रशीदभाई येऊन बघून गेले. विंचू एकच निघाला, तो छपरातून. अण्णा सकाळी उठतात आणि कुणाला हाक न मारता बाहेर ओट्यावर जाऊन बसतात. मग बराच वेळ सगळ्यांच्या दारांत फिरतात. "चा मागत फिरत्यात. बारा घरचा चा. साखर वाडली त्यांची."

मग त्या म्हणाल्या, "मला लई राग आला हुता तुमचा."

"माहीत आहे."

"आता न्हाय. थोडा हाय."

फोन ठेवला तेव्हा आई समोर बसली होती, ती सोलापुरी चादर पायांवर घेऊन. हे घर आमचं नाही, भाड्याचंच आहे. दोन खोल्या, मध्ये एक उंबरा, ज्याला आईचं बोट दर आठवड्याला एकदा तरी ठेचतं. मी तिला सगळं सांगितलं. पाऊस, विंचू, चहा.

तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्यांना कुठलं घर मिळालं? पहिलं का शेवटचं?"

मी विचारलंच नव्हतं. इतका वेळ बोललो आणि हे राहून गेलं. मला स्वतःचंच नवल वाटलं, कारण निघाल्यापासून त्या चिठ्ठ्यांची काळजी मी करत होते. मी पुन्हा फोन लावायला घेतला.

"राहू दे की," आई म्हणाली. "कुठलंही असेना. आत जातोय ना तो?"

मी फोन खाली ठेवला.